हाताची परीक्षा: ऑनलाइन हॉटेलशिक्षण आणि तंजावर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात 'शरभेंद्र पाकशास्त्र' नावाचा मराठी ग्रंथ आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होणारे शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी धाटणीचे पदार्थ त्यात नोंदलेले आहेत. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. स्वयंपाक लिहून ठेवता येतो आणि न पाहिलेल्या माणसापर्यंत पोहोचवता येतो, हे या दरबाराला पुरते ठाऊक होते. तरीही नवा आचारी ठेवताना त्याने पोथी वाचली आहे का, असे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्याच्या हातची आमटीच चाखून पाहिली असेल.

दोनशे वर्षांनी पोथीची जागा मोबाइलने घेतली. हॉटेल व्यवसायाचे शिक्षण आता घरबसल्या मिळते, प्रमाणपत्रही ई-मेलने येते. प्रश्न मात्र तोच उरतो: नोकरी देणारा कशावर विश्वास ठेवणार, कागदावर की हातावर? गेल्या काही वर्षांत या शिक्षणाचे काय झाले, कायदा काय म्हणतो, पडद्यावरून काय शिकवता येते आणि तंजावरसारख्या जिल्ह्याच्या गावाला त्याचा उपयोग किती, याचा हा आढावा.

पुस्तकापासून पडद्यापर्यंत

लांबून स्वयंपाक शिकवण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तु पार' १९५१ मध्ये तमिळमध्ये निघाले आणि माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या कितीतरी मुलींच्या सामानात गेले. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापांमुळे ती नवशिक्यालाही जमली. पुढे १९९३ मध्ये संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' दूरचित्रवाणीवर आला, आणि २००९ पासून मधुरा बाचल यांच्या 'मधुराज रेसिपी'ने यूट्यूबवर मराठी स्वयंपाक जगभर नेला.

ही सगळी शाळा घरच्या स्वयंपाकाची होती. चार माणसांची भाजी आणि दोनशे माणसांची भाजी यांत पन्नासपटीचाच फरक असतो, असे समजणारा नवशिका पहिल्याच मोठ्या ऑर्डरीला आपटतो. मीठ, मसाला, पाणी, शिजायचा वेळ, काहीही सरळ गुणाकाराने वाढत नाही. मोठ्या भांड्यात बाष्पीभवन वेगळे आणि तळाची आच वेगळी. शिवाय घरी पाहुणा ओळखीचा असतो. हॉटेलात तो पैसे मोजतो आणि तक्रार करतो.

म्हणूनच हॉटेलशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या त्या भट्टी, ओटा आणि जेवणाची टेबले मांडून. मुंबईच्या दादरचे 'केटरिंग कॉलेज' लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये सुरू झाले. देशातल्या अशा शिक्षणाची ती पायवाट. १९८२ मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषद स्थापन झाली आणि निरनिराळ्या राज्यांतल्या संस्थांना एक अभ्यासक्रम मिळाला. पांढरा कोट, टोपी, नखांची तपासणी, सकाळचे प्रात्यक्षिक, आणि एक मोठा काळ प्रत्यक्ष हॉटेलात काढलेली 'इंडस्ट्रियल ट्रेनिंग' हा या शिक्षणाचा कणा. मुले तिला नुसते 'आयटी' म्हणतात आणि तिच्याच आठवणी जन्मभर सांगतात.

कायद्याने आखलेली रेघ

पदवीपुरते बोलायचे तर या वादात कायद्याने बाजू घेतलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत काही विषय या पद्धतीने शिकवायला मनाई आहे. वैद्यक, परिचर्या, वास्तुकला, विधी यांच्या पंगतीत हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान आणि पाककला हे विषयही बसवले आहेत. म्हणजे डॉक्टर आणि आचारी, दोघेही घरी बसून पदवीधर होऊ शकत नाहीत. आचाऱ्याच्या कामाला सरकारी कागदावर मिळालेला हा एक मानच म्हणायला हवा.

दुसऱ्या बाजूने दार थोडे किलकिले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरचे अभ्यासक्रम करून त्यांचे श्रेयांक नियमित पदवीत जमा करता येतात. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा एका सत्रातल्या विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली. तेव्हा पदवी पूर्ण ऑनलाइन नाही, पण तिचा पुस्तकी भाग ऑनलाइन होऊ शकतो.

खरा घोळ पदवीच्या बाहेर आहे. तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतचे 'सर्टिफिकेट कोर्स' या रेघेच्या पलीकडे मोकाट आहेत. त्यांतले काही उत्तम आहेत, काही म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेली भाषणे, शेवटी दहा प्रश्न आणि सोनेरी कडेचा कागद. पालकांना दोन्ही सारखेच दिसतात. मुलगी 'हॉटेल मॅनेजमेंट' करते आहे एवढे ऐकले की घरच्यांना बरे वाटते. मुलाखतीला गेल्यावर तिला ट्रे उचलायला सांगितला की कळते, हातात ट्रे आजच पहिल्यांदा आला.

पडद्यावरून काय उतरते

ऑनलाइन शिक्षणाला सरसकट नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. हॉटेलच्या कामातला मोठा वाटा डोक्याचा आहे, आणि तो पडद्यावरून वर्गापेक्षाही चांगला शिकता येतो. चुकले तर थांबवून पुन्हा पाहता येते.

खर्चाचे गणित घ्या. बाजारातून १० किलो कांदा ३० रुपयांनी आणला, ३०० रुपये झाले. सोलून-निवडून हाती ९ किलो आला. नवशिका थाळीच्या हिशेबात कांदा ३० रुपयांनीच धरतो; खरा भाव ३३ रुपये ३३ पैसे पडलेला असतो. मटणाच्या हाडांत, कोथिंबिरीच्या दांड्यांत, मासळीच्या डोक्या-शेपटांत हीच गळती आणखी मोठी. अनेक छोटी खानावळ-हॉटेले चव चांगली असून बंद पडतात ती या गळतीमुळे. हे शिकायला भट्टी लागत नाही. कागद, पेन्सिल आणि नीट समजावणारा माणूस लागतो, आणि तो माणूस पुण्यात असला, शिकणारा कुंभकोणमला, तरी चालते.

स्वच्छतेचेही तसेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 'फॉस्टॅक' हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१७ पासून चालतो. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असे त्याचे सूत्र. कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, गरम अन्न निदान ६० अंशांच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राखणे, हात कधी धुवायचे, हे सगळे व्याख्यानाने आणि चित्राने समजते. कोरोना साथीच्या काळात हे प्रशिक्षण मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाले, त्यात फारसे बिघडले नाही. आरक्षणाचे सॉफ्टवेअर, बुकिंगच्या संकेतस्थळांवर खोल्यांचे दर ठरवणे, फोनवर इंग्रजीत बोलणे, फोटो काढून यादीत टाकणे, हेही या वाट्यातलेच. कोकणात घरगुती राहण्याची सोय करणारी कितीतरी कुटुंबे हे मोबाइलवरच शिकली.

मधल्या गटात डोळ्याने तपासता येणारी हातकामे येतात. पलंगाची चादर घालताना कोपरा ४५ अंशांत दुमडून गादीखाली सारायचा असतो. शिकणाऱ्याने घरच्या पलंगावर तो दुमडला, फोनवर चित्रफीत काढून पाठवली आणि शिक्षकाने 'डावीकडे सुरकुती राहिली, ओढ कमी पडली' असे सांगितले, तर हे काम शिकता येते. रुमालाच्या घड्या, टेबलावर काटे-चमच्यांची मांडणी, भाजीचे काप, यांचेही तेच. अट एकच: पलीकडे पाहणारा जिवंत माणूस हवा.

काय उतरत नाही

तवा तापला की नाही हे पाण्याचा शिपका मारून कळते. थेंब नुसता सळसळून बसला तर थांबायचे, टपटप नाचून उडाला तर पीठ टाकायचे. चित्रफितीत हे दिसते, पण त्याच क्षणी मागे उभा वरिष्ठ म्हणतो, "नको, अजून नको," ते आणि तव्याची आच मनगटाला लागते ते, पडद्यावर नाही. फोडणीत हिंग जळायच्या आधीचा वास तर कोणत्याही कॅमेऱ्याला सापडलेला नाही. तंजावर-कुंभकोणमच्या पट्ट्यात पितळी फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या अर्काचा गडदपणा रोज बदलतो: भुकटीची भरड, पाण्याची उकळी, हवेतला दमटपणा. शिकणारा पहिले काही आठवडे नासाडीच करतो. ती नासाडी हाच अभ्यासक्रम असतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वेग आणि दडपण. दुपारी एक वाजता एकाच वेळी बारा केओटी (स्वयंपाकघरातल्या ऑर्डरीच्या चिठ्ठ्या) येतात, त्यातल्या दोन परत जातात, एक टेबल चिडलेले, एक वेटर न सांगता सुट्टीवर. या तासाभरात कोणी कोणाला काय म्हणावे, काय गिळावे, कोणती ऑर्डर मागे ढकलावी, हे हॉटेल शिकवते. विठ्ठल कामतांचे 'इडली, ऑर्किड आणि मी' मराठीत इतके वाचले गेले, त्याचे एक कारण हेच की त्यात धंदा शिकण्याची जागा वर्ग नाही, वडिलांचे हॉटेल आहे.

२०२० च्या टाळेबंदीने या सगळ्याची सक्तीची परीक्षा घेतली. देशभरच्या हॉटेलशिक्षणाच्या वर्गांना कुलपे लागली, प्रात्यक्षिके मुलांच्या घरच्या गॅसशेगडीवर आली. जिच्या घरी ओव्हन तिचा ब्रेड फुगला. जिच्या घरी एकच शेगडी आणि सात माणसे, तिने आईचे काम उरकून रात्री व्हिडिओ काढला. ज्यांच्या घरी साधने होती ते पुढे गेले आणि उरलेल्यांनी शिक्षण 'पाहिले'. शिवाय हॉटेलेच बंद असल्याने त्या मुलांची आयटी अर्धवट राहिली, आणि पुढे नोकरीत नेमकी तीच उणीव सर्वांत आधी दिसली.

बाहेरच्या देशांनी काय केले

या व्यवसायात पत्राने शिकवण्याची परंपरा अमेरिकेत अनेक दशकांची आहे. तिथल्या हॉटेलसंघटनेच्या शिक्षणसंस्थेने कामावर असलेल्यांसाठी टपालाने अभ्यासक्रम चालवले. लक्षात घ्यायची गोष्ट ही की शिकणारा आधीच हॉटेलात नोकरीला होता. हात कामावर तयार होत होता, टपाल डोके तयार करत होते.

आता तिथल्या ऑगस्ट एस्कॉफिए पाककला विद्यालयासारख्या संस्था ऑनलाइन पदविका देतात. विद्यार्थी घरी पदार्थ करतो, टप्प्याटप्प्याचे फोटो आणि चवीचे वर्णन पाठवतो, शेफ-शिक्षक त्यावर शेरे मारतो. मात्र शेवटी खऱ्या व्यावसायिक स्वयंपाकघरात ठरावीक काळ काम केल्याशिवाय पदविका हातात पडत नाही. १८९३ पासून हॉटेलशिक्षणाचे माहेरघर समजले जाणारे स्वित्झर्लंडचे लोझान इथले विद्यालयही ऑनलाइन अभ्यासक्रम देते, पण ते मुख्यतः आधीच व्यवसायात असलेल्यांना व्यवस्थापन शिकवणारे. गंभीर संस्थांनी सगळीकडे एकच तोडगा काढलेला दिसतो: पडदा आधी किंवा सोबत, पण भट्टी टळत नाही.

कागद आणि हात

आता नोकरीचा मुद्दा. या धंद्यात मुलाखतीपेक्षा 'ट्रायल' चालते. शेफ नव्या मुलाला चार तास उभा करतो: कांदा चिर, ऑम्लेट कर, ओटा पूस. ऑम्लेटपेक्षा त्याने ओटा कसा पुसला यावरच अनेकदा निकाल लागतो.

या कसोटीवर आपल्याकडे दोन उलट प्रकारची माणसे अडतात. एकीकडे कागद आहे, हात नाही, असे ऑनलाइन प्रमाणपत्रधारी. दुसरीकडे हात आहे, कागद नाही, असे लग्नकार्यांचे आचारी, खानावळीच्या बायका, मठ-मंदिरांतले स्वयंपाकी. दुसऱ्या गटासाठी सरकारने २०१५ च्या कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय केली: येत असलेल्या कामाची चाचणी देऊन प्रमाणपत्र घ्या. पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' ही आठवी पास तरुणांसाठीची योजना २००९-१० पासूनची. तिच्यात काही आठवड्यांत स्वयंपाक, वाढप, खोल्यांची निगा शिकवतात. शिकाऊ उमेदवारीला उत्तेजन म्हणून २०१६ च्या योजनेत केंद्र सरकारने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, उचलायचे ठरवले.

२०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला आणि ३० तासांना एक श्रेयांक असा हिशेब ठरला. वर्ग, प्रयोगशाळा, कारखाना, अनुभव, सगळ्यांचे तास एका खात्यात जमा होऊ शकतात. कल्पना उत्तम आहे. पण त्या ३० तासांतले किती तास भट्टीसमोर गेले आणि किती खुर्चीत, हे श्रेयांकाच्या आकड्यावरून समजत नाही. हॉटेलमालकाला तर नेमके तेच हवे असते.

तंजावरला काय हवे

हा प्रश्न तंजावरला आणून ठेवला की नेमका होतो. बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाच्या काळात १०१० च्या सुमारास पुरे झाले. १९८७ मध्ये ते जागतिक वारशात गेले, २००४ मध्ये दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरमची मंदिरे त्याला जोडली गेली. प्रवासी मदुराई-चेन्नईच्या वाटेवर येतो आणि बरेचदा एकच रात्र राहतो. त्याला ठेवून घेणारी हॉटेले मोजकी, स्वात्मासारखी वारसा जपणारी त्याहून कमी. बाकी सगळा डोलारा मध्यम लॉज आणि शाकाहारी मेस यांच्यावर. हॉटेलशिक्षणाची सरकारी संस्था तिरुच्चिरापल्लीच्या वाटेवरच्या तुवाकुडीत, त्या शहराच्या हद्दीजवळ. मोठी संस्था सव्वातीनशे किलोमीटरहून लांब चेन्नईत. गावातली मुलगी तीन वर्षे चेन्नईला राहील, हे पुष्कळ घरांत आजही सहज पचत नाही. ऑनलाइन शिक्षणाची खरी गरज इथे आहे.

आणि इथे पाहुणचाराची परंपरा नुसती घरगुती नाही. तंजावरच्या मराठ्यांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींच्या काळचे. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टोरिन यांना पाठवलेल्या पत्रात छत्रांचे काम सविस्तर सांगितले आहे: सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण, आजाऱ्याला औषध आणि वैद्य, मुलांना शिक्षण. पाहुणचार, आरोग्य आणि शाळा एका छपराखाली चालवण्याचा हा व्यवस्थित हिशेबी कारभार होता. त्याच राजाने देवनागरीचा छापखाना काढून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' छापली. नव्या माध्यमाला घाबरणारी ही परंपरा नव्हे.

आजच्या घडीला इथे साधनेही आहेत. १९६७ मध्ये भात प्रक्रिया संशोधनापासून सुरू झालेली संस्था आता निफ्टेम-तंजावर म्हणून २०२१ पासून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. सूक्ष्म खाद्य उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रशिक्षणाची मोठी जबाबदारी तिच्याकडे आली. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये 'नान मुदल्वन' ही कौशल्ययोजना महाविद्यालयांपर्यंत नेली. आणि गल्लोगल्ली हात आहेत: मेस चालवणारे, लग्नाची पंगत उठवणारे, पिटले, डांगर पचडी अजून घरात करणारी तंजावरी मराठी कुटुंबे.

या तिन्हींची गाठ बांधली तर एक साधे चित्र उभे राहते. हिशेब, स्वच्छता, भाषा, आरक्षण, आणि गावाचा इतिहास मोबाइलवर, तमिळमधून. तंजावरात जेवायला वाढणाऱ्या मुलाला सांबार इथल्या मराठा राजवाड्यात जन्मले ही कथा दंतकथा म्हणूनच सांगता आली पाहिजे; छापील पुरावा असल्याच्या थाटात सांगितली तर अभ्यासू पाहुणा हसेल. हातकाम मात्र गावातल्याच निवडक मेस, लॉज आणि आचाऱ्यांकडे, ठरलेल्या विद्यावेतनावर. ज्या आचाऱ्याला पूर्वज्ञानाचे प्रमाणपत्र मिळाले, त्यालाच शिकवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार द्यावा, त्याचा मोबदलाही. त्याच्या हाताला कागद मिळतो, मुलीच्या कागदाला हात मिळतो, आणि तिला चेन्नई गाठावी लागत नाही.

याला अडचणीही आहेत. छोट्या मालकाला शिकाऊ पोर म्हणजे फुकटची भांडी घासणारी वाटण्याचा धोका मोठा आहे. रात्रीची पाळी, राहण्याची सोय, मुलींची सुरक्षितता, हे प्रश्न ऑनलाइन वर्गाने सुटत नाहीत. तपासणारा आणि मालक एकच असला तर सगळेच पास होतील. म्हणून शेवटची चाचणी दुसऱ्या स्वयंपाकघरात, अनोळखी शेफसमोर व्हावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन पदवीवर घातलेली बंदी राहू द्यावी. ती शहाणपणाची आहे. पण लहान अभ्यासक्रमांना मोकळे सोडण्याऐवजी एक साधा नियम करता येईल. आतिथ्य क्षेत्रातल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर, मग ते सरकारी असो की खासगी, ऑनलाइन असो की वर्गातले, तीन ओळी छापणे सक्तीचे करावे: पडद्यासमोर किती तास, भट्टीसमोर किंवा पाहुण्यांसमोर किती तास, आणि ते तास कोणत्या ठिकाणी, कोणाच्या देखरेखीखाली. ज्याच्या दुसऱ्या ओळीत शून्य असेल, त्यानेही अभ्यासक्रम खुशाल विकावा. फक्त घेणाऱ्या आई-बापांना आणि ठेवणाऱ्या मालकाला ते शून्य दिसले पाहिजे.